शंभर कविता आणि पलीकडची जाऊबाई

गेल्या जूनमध्ये अस्तराचं कापड घ्यायला निजामपुऱ्यात गेले होते, तिथे मला दहावीच्या मराठीच्या बाई भेटल्या. बाई आता निवृत्त झाल्यात. मी त्यांना ओळखलं, आणि मला नवल वाटलं ते याचं, की त्यांनीही मला ओळखलं. वहीच्या शेवटच्या पानावर कविता लिहिणारी मुलगी तूच ना, असं त्यांनी विचारलं. मी चव्वेचाळीस वर्षांची, हातात भाजीची पिशवी, आणि मागच्या गल्लीत लूमचा असा खडखडाट की त्यांना ते वाक्य दोनदा म्हणावं लागलं. हो म्हणताना मला उगाचच लाज वाटली.

बाईंनी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांचा एक ग्रुप केला होता. रोज सकाळी सहाला त्या एक शब्द पाठवत. त्या शब्दावर संध्याकाळी आठच्या आत एक कविता लिहून टाकायची, असं शंभर दिवस. एक दिवस चुकला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आणखी एक अट होती. पाठवण्याआधी कविता एकदा मोठ्याने वाचायची. बाई म्हणाल्या की कागदावर खोटं चालून जातं, तोंडात ते अडखळतं. त्यांनी तिथेच दुकानात उभं राहून माझा नंबर घेतला.

मी वडप्याच्या एका गोदामात काम करते. मोठाली खोकी येतात, त्यांचा माल सुटा होतो, पुन्हा लहान खोक्यांत भरला जातो आणि त्यावर पत्ता चिकटतो. तो पत्ता बरोबर आहे की नाही हे स्कॅनरने तपासायचं काम माझं. आत जाताना मोबाइल गेटवर जमा करावा लागतो. म्हणजे सकाळी बस यायच्या आधी शब्द बघायचा आणि दिवसभर तो डोक्यात घेऊन फिरायचं. सुरुवातीला मी स्टिकर काढल्यावर उरणाऱ्या चकचकीत कागदावर लिहायला गेले, पण त्यावर पेन उमटेना. मग जेवणाच्या सुट्टीत फाटक्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहायला लागले. तो पुठ्ठा ब्लाउजमध्ये खोचून बाहेर आणायचा आणि त्यावरचं बसमध्ये मोबाइलवर टाइप करायचं. एकदा गेटवरच्या बाईने झडतीत तो काढला, उलटसुलट करून वाचला आणि परत दिला. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, आज काय लिहिलंय.

पहिल्या आठवड्यातल्या कविता आता वाचवत नाहीत. बाई ‘ओंजळ’ द्यायच्या, ‘क्षितिज’ द्यायच्या, आणि मी आपलं शाळेच्या निबंधातलं काहीबाही लिहायचे. नवव्या दिवशी ‘पत्ता’ हा शब्द आला. त्या दिवशी मला काही शोधावंच लागलं नाही. दिवसभर माझ्या हाताखालून पत्तेच तर जात होते.

*दिवसातून कितीदा मी अशा गावांना हात लावते*
*जिथं मला कुणीच ओळखत नाही.*

एवढ्या दोन ओळी लिहिल्यावर पुढच्या आपोआप आल्या. घरी येऊन गॅसवर भात ठेवला आणि ओट्याजवळ उभी राहून ती कविता मोठ्याने वाचली. घरात मी एकटीच होते. मुलगी ठाण्याला हॉस्टेलवर राहून नर्सिंग शिकते. नवरा साइझिंगमध्ये, सुताला खळ लावायच्या कारखान्यात कामाला, त्या आठवड्यात त्याची दुसरी पाळी होती. त्यामुळे मी अगदी मोकळ्या आवाजात वाचली, आवडली म्हणून पुन्हा वाचली. भिंतीपलीकडे भांडी घासल्याचा आवाज चालला होता, तो थांबला. मी त्याकडे लक्ष दिलं नाही.

पलीकडे माझी थोरली जाऊ राहते. घर एकच आहे. सासूबाई गेल्यावर दोघा भावांनी मधे विटांची भिंत घातली. ती तुळईपर्यंत आली आणि वर पत्र्यापर्यंतचं काम राहून गेलं. त्यामुळे पलीकडची फोडणी आम्हाला कळते आणि आमचा खोकला त्यांना. भाऊ भाऊ रोज पुढच्या ओटीवर बसून चहा पितात, त्यांचं कधी काही बिनसलं नाही. बोलणं बंद होतं ते आम्हा दोघींचं. चार वर्षं.

त्याचं कारण सांगायला हवं. सासूबाई आठ महिने अंथरुणावर होत्या. त्यांचं सगळं जाऊबाईंनी केलं. पहाटे उठून मळ्यातली भाजी काढायची, बाजारात बसून ती विकायची, अकराला परत येऊन सासूबाईंना अंघोळ घालायची, भरवायचं, पाठीला तेल लावायचं. मी ड्युटीवरून आल्यावर रात्रीचं तेवढं बघायचे. दिवाळीच्या आधीचे दिवस होते, गोदामात मालाचा नुसता डोंगर. त्या दिवशी सकाळी सासूबाईंचा श्वास वेगळा लागलेला होता. जाऊबाई दारात येऊन म्हणाल्या, आज नको जाऊस. मी गेले. दुपारी निरोप आला तेव्हा मधल्या वेळची बस नव्हती, हायवेवर रिक्षा मिळेना. घरी पोचले तोवर सासूबाईंना अंगणात आणलं होतं. सगळ्या गावासमोर जाऊबाई म्हणाल्या, “आली ड्युटीवाली.”

मी तेव्हा गप्प बसले. पण दहाव्याला, आलेल्या बायकांत तोच विषय पुन्हा निघाला तेव्हा माझा तोल गेला. गोदामात रजा मागून मिळत नसते, असं मी सांगितलं, आणि वर म्हणाले, “तुम्ही काय, घरीच असता. तुम्हाला काय कळणार.” जी बाई पहाटे चारला उठते तिला मी हे म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि उठून आत गेल्या. त्यानंतर माझ्याशी बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. आधी राग होता, मग सवय झाली. सणावाराला पुरणपोळ्यांचं ताट इकडून तिकडे जायचं, ते पुरुषांच्या हातून.

तर जुलैमध्ये, तेविसाव्या दिवशी, मला ताप आला. दुपारीच अंग मोडून आलं होतं. बसमध्ये कशाबशा चार ओळी लिहिल्या, ग्रुपवर टाकल्या आणि घरी येऊन दिवा न लावताच पडले. मोठ्याने वाचायची अट त्या दिवशी मी पाळली नाही. सात वाजून गेले असतील. मागचं दार वाजलं. कोण असेल म्हणून भिंतीला धरत गेले तर दारात जाऊबाई. हातात पातेलं, वर ताटली.

“आजची न्हाय वाचलीस,” त्या म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही त्या कशाबद्दल बोलतायत. चार वर्षांनी ऐकलेलं पहिलं वाक्य होतं ते. मी दारातून बाजूला झाले. त्या आत आल्या, पातेलं ओट्यावर ठेवलं, माझ्या कपाळाला हात लावला आणि तो लगेच काढून घेतला.

“आवाज न्हाय आला, तवाच वाटलं काहीतरी हाय. पेज हाय तांदळाची. मीठ घातलंय.”

मी विचारलं, तुम्हाला रोज ऐकू येतं का. त्या म्हणाल्या, रोज न्हाय. तीन सांजा त्या भावाकडे गेल्या होत्या, त्या दिवसांच्या हुकल्या. बाकी एकोणीस ऐकल्या. हे सांगताना त्या माझ्याकडे न बघता कोपऱ्यातली घागर बघत होत्या. त्या एकोणीस म्हणाल्या आणि मी मनात बेरीज केली. बरोबर होती.

पेज पिऊन झाल्यावर मी त्या चार ओळी मोबाइल बघून वाचल्या. आवाज बसला होता. शब्द कुठला होता तेही आता आठवत नाही, इतक्या साध्या ओळी होत्या. त्यांनी ऐकलं, पातेलं उचललं, दार ओढून घेतलं आणि गेल्या.

यानंतर सगळं एकदम सुरळीत झालं असं नाही. दुसऱ्या दिवशी अंगणात समोरासमोर आलो तेव्हा दोघींनाही काय बोलावं ते सुचेना. त्या झाडू घेऊन दुसरीकडे वळल्या. पण संध्याकाळी मी वाचायला उभी राहिले तेव्हा पलीकडचा नळ बंद झाला. आता मला माहीत होतं. त्यामुळे पहिल्यांदा माझी जीभ अडखळली. कोणी ऐकत नाही असं समजून वाचणं सोपं असतं. मी भिंतीकडे तोंड केलं आणि वाचलं. शेवटी पलीकडून नुसतं “हं” आलं. एवढंच. त्या “हं”साठी मी पुढचे कित्येक दिवस दुपारी पुठ्ठ्यावर खाडाखोड करत राहिले. ग्रुपवर अंगठे यायचे, फुलं यायची. त्यांचं मला फारसं काही वाटेनासं झालं.

ऑगस्टच्या तोंडावर बाईंनी ‘रानभाजी’ हा शब्द दिला. मी कुरडूवर लिहिलं. बांधावरून ओंजळभर कुरडू तोडून आणणारी सासूबाईंची आकृती वगैरे. वाचून संपते न संपते तोच भिंतीवरून आवाज आला.

“कुरडू तोडत न्हाय गो. खुडतात. तोडलं तर पुन्हा फुटल कसं?”

मला हसू आलं. पलीकडेही हसल्यासारखं वाटलं. मी ‘तोडून’ काढून ‘खुडून’ घातलं, आणि मग त्या एका शब्दापायी अख्खी कविता बदलावी लागली. कारण खुडणारा हात वेगळा असतो, तो पुढच्या वेळचा विचार करतो. सात पन्नासला पाठवली. बाईंनी खास त्या शब्दाचं कौतुक केलं. मी खाली लिहिलं, हा शब्द माझ्या जाऊबाईंचा आहे. दुसऱ्या दिवशी मागच्या दारी जाऊन त्यांना ते सगळं वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, सगळ्यांना कळलं काय मी दिला म्हणून. कळलं, म्हटलं. थोड्या वेळाने त्यांनी पत्रावळीत बांधून कंटोळी आणून दिली.

एकसष्टाव्या दिवशी माझा दिवस चुकला. आमच्यातल्या पाचजणींना माल मोजायला कशेळीच्या गोदामावर पाठवलं होतं. परतीची बस खाडीपुलाच्या अलीकडे अडकली. कविता पुठ्ठ्यावर तयार होती, पण मोबाइल बंद पडलेला. शेजारी बसलेल्या मैत्रिणीचा मागितला, तर त्यात बाईंचा नंबर नव्हता आणि मला तो पाठ नव्हता. आठ वाजले तेव्हा आम्ही पुलावर होतो. खाली पाणी काळं दिसत होतं आणि आमच्या पुढे कंटेनरच्या लाल दिव्यांची रांग. मैत्रीण म्हणाली, अगं परीक्षा थोडीच आहे. तिचं खरं होतं. तरी मला रडू आलं.

घरी आले तर जाऊबाई मागच्या पायरीवर बसलेल्या होत्या. मी त्यांना सांगितलं की दिवस चुकला, आता पुन्हा पहिल्यापासून मोजायचं, आणि माझ्यात तेवढा दम नाही. मी ग्रुप सोडणार आहे.

त्या पायरीवर जरा सरकल्या. “दोन सालांमागं रोप वाहून गेलं भाताचं. पुन्हा टाकलं ना आपण. तू पन व्हतीस लावणीला.”

होते मी. रविवार होता, आम्ही दोघी एकाच चिखलात दोन टोकांना लावत होतो आणि एकमेकींकडे बघतसुद्धा नव्हतो.

“मंग,” त्या म्हणाल्या, “आज एक धर. वाच.”

मी त्या पायरीवर बसून पुठ्ठ्यावरची कविता वाचली. मोजणीत ती धरली गेली नाही. बाईंच्या हिशेबाने दुसऱ्या दिवसापासून माझा एक सुरू झाला.

त्या दुसऱ्या फेरीत, अठ्ठाविसाव्या दिवशी, गौरी-गणपतीचं विसर्जन होतं. बाईंनी अर्थातच ‘निरोप’ हा शब्द दिला. गोदामाला सुट्टी नव्हती. ग्रुपवर सगळे बाप्पावर लिहिणार हे ठरलेलं. मीही बसमध्ये जाता जाता तशाच चार ओळी जुळवून टाकल्या. पण स्कॅनर हातात घेतला तसा तो शब्द पुन्हा आला आणि दिवसभर हलेना. चार वर्षं जी गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती, नवऱ्यालाही नाही, ती पुठ्ठ्यावर उतरली. लिहून झाल्यावर मी पुठ्ठा उलटा करून डब्याखाली ठेवला आणि जेवले.

विसर्जन करून पुरुष मंडळी तळ्यावरून यायची होती. घरात दोन्हीकडे बायकाच. मी दिवा लावला, भिंतीजवळ उभी राहिले. पलीकडे नळ वाहत होता. तो बंद होईपर्यंत थांबले आणि वाचलं.

*मला कुणी रजा नाकारली नव्हती.*
*मी ती मागितलीच नव्हती.*
*तुमचा श्वास मोजायची मला भीती वाटली,*
*म्हणून मी खोकी मोजत राहिले.*

आणखी बऱ्याच ओळी होत्या. सगळ्या वाचल्या. शेवटी “हं” आलं नाही. मी वाट बघितली. पलीकडे काहीच हललं नाही. मग मी सकाळच्या त्या बाप्पाच्या चार ओळी ग्रुपवर पाठवून दिल्या आणि ओट्याशी उभी राहून उगीच कांदा चिरत राहिले. आता त्या पुन्हा कधी बोलणार नाहीत असं मला वाटलं. आणि त्यांचं चुकलं असंही म्हणता आलं नसतं.

रात्री त्या आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी माझी साप्ताहिक सुट्टी होती. बाजारातून परत आल्यावर त्या टोपली खाली न ठेवताच माझ्या मागच्या दारात उभ्या राहिल्या. मी बसायला पाट दिला. त्या बसल्या. टोपली पुढ्यात ठेवली.

“आय तुला विचारीत व्हती त्या दिशी. दोनदा विचारलं. मी सांगितलं, रजा मागायला गेली हाय, घेऊन येतेच.”

मी हातातला तांब्या खाली ठेवला.

“रागावली न्हाय ती. बरं, म्हणाली. मंग झोपली.” त्या टोपलीतला ओला फडका पिळत होत्या. “मला पन भ्या वाटत व्हतं गो. एकटीला. म्हणून तुला थांब म्हटलं व्हतं.”

इतकी वर्षं मी समजत होते की सासूबाईंसाठी त्यांनी मला थांबायला सांगितलं होतं. जाऊबाईंना भीती वाटली असेल हे माझ्या मनातही कधी आलं नव्हतं. त्यांना कशाचीच भीती वाटत नाही असं आम्ही सगळे धरूनच चाललो होतो. मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. दहाव्याला बोलले ते चुकीचं बोलले, असं सांगितलं. तुम्ही घरी कधी बसलात, असं म्हणाले. त्यांनी मान हलवली.

“लागलं व्हतं मला ते,” त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, “मी पन सगळ्यांसमोर बोलायला नको व्हतं.”

आम्ही दोघीही रडलो, पण फार नाही. चहा ठेवला. चहात आलं नव्हतं म्हणून त्या त्यांच्याकडून घेऊन आल्या.

शंभरावा दिवस दिवाळीनंतर आला. ग्रुपमध्ये सुरुवातीला साठएक जण होते, शेवटपर्यंत टिकलो आम्ही नऊ जण. बाईंनी आम्हाला एका रविवारी दुपारी घरी बोलावलं, प्रत्येकाने दोन कविता वाचायच्या. मी जाऊबाईंना चला म्हटलं. आधी नको म्हणाल्या, मला काय कळतंय तिथलं. मग शनिवारी संध्याकाळी विचारलं, लुगडं नेसायचं की साडी. रिक्षात त्यांनी मांडीवर बाईंसाठी पालेभाजीची जुडी धरली होती. तुम्हाला कुठल्या दोन वाचलेल्या आवडतील, असं मी विचारलं. त्यांनी पत्त्याची सांगितली आणि कुरडूची.

“ती आयची नको,” त्या म्हणाल्या. “ती घरची हाय.”

बाईंच्या घरी खुर्च्या मांडल्या होत्या. जाऊबाई माझ्या शेजारी बसल्या, पदर खांद्यावरून घेऊन, अगदी ताठ. एकाने त्यांना विचारलं, आपण पण लिहिता का. त्या म्हणाल्या, न्हाय, मी ऐकते. माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहून दोन्ही कविता वाचल्या. ‘खुडून’ हा शब्द आला तेव्हा त्यांनी खाली बघितलं.

चहाच्या वेळी बाई माझ्याजवळ आल्या. शंभरही कविता त्यांनी वाचलेल्या होत्या. म्हणाल्या, सगळ्यांत ‘निरोप’ची तेवढी अगदी वरवरची झाली, त्या दिवशी काय झालं होतं?

“त्या दिवशी दोन झाल्या होत्या, बाई,” मी म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग जाऊबाईंकडे, आणि पुढे काही विचारलं नाही. पालेभाजी कशी करायची ते मात्र जाऊबाईंना नीट विचारून घेतलं, आणि त्यांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, लसूण किती ठेचायचा तेही.

आता मी रोज लिहीत नाही. आठवड्यातून तीन, फार तर चार. कामाचा ताण असला तर एकही नाही. जाऊबाईंना ते पसंत नाही. शंभर दिवस जमलं मग आता काय झालं, असं त्या तोंडावर विचारतात. महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही दोघी बाईंकडे जातो. परवा येताना रिक्षात त्यांनी बाईंनी वाचलेल्या त्यांच्या स्वतःच्या एका कवितेबद्दल सांगितलं की ती लांबली, शेवटच्या चार ओळी नको होत्या. मलाही तसंच वाटलं होतं. मी त्यांना म्हटलं, पुढच्या खेपेला तुम्हीच सांगा बाईंना. त्या पदर सावरत म्हणाल्या, सांगेन.